नववा फर्मा

आत्यानं चपला दाराबाहेर काढल्या, पाय धुतले, पण खांद्यावरची पिशवी काही खाली ठेवली नाही. तेव्हाच चांगुणाला कळलं की आजचा रविवार सरळ जायचा नाही.

“जय भीम, अक्का!” आबा लगबगीनं उठले. “अगं, कळवायचं तरी. आलो असतो ना मी सीबीएस स्टँडवर घ्यायला.”

“जय भीम. कळवलं असतं तर पोरीला कालच्याच गाडीत बसवलं असतं तुम्ही.” यशोदाआत्यानं दारातूनच आत नजर फिरवली. कॉटवर चांगुणाची बॅग उघडी, बॅगेत घड्या घातलेल्या साड्या, वर टॉवेल. “पुण्याची गाडी कधीची हे?”

“उद्या सकाळी सहाची,” चांगुणा म्हणाली.

“मग लय येळ हे. पाणी आण.”

आणि मग कुठं ती पिशवी खाली आली.

आता यशोदाआत्या म्हणजे काय चीज आहे ते सातपूर कॉलनीत कुणालाही विचारा. आबांची थोरली बहीण. आबा चार वर्षांचे असताना त्यांची आई गेली, आणि चौदा वर्षांच्या आत्यानं त्यांना काखोटीला मारलं, ते जणू अजून खाली उतरवलेलंच नव्हतं. राहायची येवल्याला, पण नाशिकच्या घरातलं पान हलायचं नाही तिच्याशिवाय. आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही हं, खरंच पान! घरातलं काहीही ठरवायचं असलं की आत्या मधोमध मांडी घालून बसायची, कमरेची चंची सोडायची आणि पुढ्यात पसरायची. विड्याची पानं, सुपारी, कात, चुन्याची डबी, अडकित्ता, सगळं उघड्यावर. चंची उघडी आहे तोवर ज्याला जे बोलायचं ते बोला. लहान-मोठं नाही, भांडा, रडा, काय वाटेल ते करा. एकदा का ठरलं की आत्या एक विडा लावायची, ज्याचं म्हणणं खरं ठरलं त्याच्या हातावर ठेवायची आणि दोरी गुंडाळायची. विषय संपला. आई-आबांचं लग्न असंच ठरलं. हे दोन खोल्यांचं घर असंच ठरलं. आजवर विडा न घेता या घरातून एकच माणूस बाहेर पडला होता, तो आत्याचा स्वतःचा मुलगा, झुंबरदादा. मस्कतला गेला त्याला तीन वर्षं झाली. वर्षातून दोन पत्रं येतात. तो येत नाही.

म्हणून तर चांगुणानं कॉटवरची बॅग गुपचूप मिटली, कारण पाणी पिऊन झाल्याबरोबर आत्याचा हात कमरेला गेला आणि भर दुपारी बारा वाजता चंची पसरली गेली.

“हं,” आत्या म्हणाली. “बोला.”

बोलायचं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. चांगुणा बीए झाली होती, फर्स्ट क्लासमध्ये. पुणे युनिव्हर्सिटीत इंग्रजी घेऊन एमए करायचं म्हणून तिनं अर्ज केला होता आणि तिकडून पत्र आलं होतं की सोमवारी दुपारी दोन वाजता भेटायला या, आणि आपल्या आवडीच्या एका इंग्रजी कादंबरीवर दहा मिनिटं इंग्रजीतून बोला. ते पत्र तिनं इतक्यांदा वाचलं होतं की घडीवर फाटायला आलं होतं. आणि तिकडे येवल्याला आत्यानं हेडमास्तरांना गाठून तिच्यासाठी शाळेत मास्तरणीची जागा धरून ठेवली होती. आठ दिवसांत हजर व्हायचं. जेवायला आत्याकडे, झोपायला आत्याकडे.

“मी तरी तेच म्हणत होते अक्का,” आई चहाचं आधण ठेवता ठेवता म्हणाली. “हातची नोकरी कशाला सोडायची!”

चांगुणानं आईकडे बघितलंच. काल संध्याकाळपर्यंत हीच विमलाबाई होस्टेलला न्यायला म्हणून शंकरपाळ्यांचा डबा भरत होती! धाकटी चंद्रभागा तर फस्सकन हसली आणि म्हणाली, “आई, मग शंकरपाळ्या आम्ही खाऊ?” आईनं तिच्यावर असे डोळे वटारले की बस.

तेवढ्यात दारात पुंजाराममामा. घोटीहून तांदळाची पिशवी घेऊन, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला पेन. मामा तहसील कचेरीत क्लार्क. “जय भीम दाजी, जय भीम अक्का. अरे वा, चंची पसरली का? मग मी बरोबर वेळेवर आलो.” आणि बसला की आबांच्या शेजारी ऐटीत. “माझं मत लिहून घ्या. पोरगी पुण्याला गेलीच पाहिजे. आपल्यात आजवर इंग्रजीत एमए कुणी केलंय? उद्या तहसीलदार होईल, कलेक्टर होईल. मी दारात उभा राहून सलाम ठोकीन!”

चांगुणाला हायसं वाटलं. पण आत्या म्हणजे आत्या. तिनं सुपारी कातरत शांतपणे विचारलं, “चांगू, तिथं नेमकं शिकवत्यात काय?”

“गोष्टी,” चांगुणा म्हणाली. खोटं कसं बोलणार? “म्हणजे कादंबऱ्या, कविता, नाटकं. ती वाचायची, समजून घ्यायची, त्यावर लिहायचं.”

“गोष्टी?” मामाचा चेहरा पडला. “कायदा वगैरे नाही? नुसत्या गोष्टी?”

“गोष्टी तर मलाबी येत्यात,” आत्या म्हणाली. “मग मलाच ठिवा की तिथं.”

चंद्रभागा हसून हसून आडवी झाली. आबासुद्धा गालात हसले, आणि पटकन तोंडावरून हात फिरवला.

“नाही, पण अक्काचं बरोबर आहे,” मामानं बाजू बदलली ती इतक्या झटक्यात की खिशातलं पेन पडलं. “सतरा वर्षं शिकायचं आणि शेवटी गोष्टी सांगायच्या? त्यापेक्षा येवल्याची शाळा काय वाईट? सरकारी पगार...”

“ए पुंजाराम!” आई चहाचा कप त्याच्यापुढे आपटत म्हणाली. “माझ्या पोरीच्या शिक्षणाला तू नावं ठेवू नकोस हां. तू मॅट्रिकला दोनदा बसलास. माझी पोर एकदाही नापास नाही झाली.”

“आत्ता तूच म्हणालीस ना...”

“ते मी म्हणेन. तू नाही म्हणायचं.”

बघा म्हणजे! पाच मिनिटांत आई इकडची तिकडे, मामा तिकडचा इकडे. आबा तेवढे काहीच बोलत नव्हते. आत्यासमोर ते बोलायचेच नाहीत फारसं. आत्यानं अडकित्ता खाली ठेवला.

“चांगू, तू सांग मग एक. तुझ्या त्या इंग्रजीतली. बघू तरी कसली गोष्ट हे, जिच्यापायी घरदार सोडून पुण्याला जायचं.”

चांगुणानं आबांकडे बघितलं आणि आबा उठलेच. फळीवर, ट्रंकेच्या मागं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते पुस्तक त्यांनी काढलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

या पुस्तकाची गंमत अशी की ते दुकानात मिळणारं नव्हतंच. आबा रविवार कारंजा चौकाजवळच्या एका छापखान्यात बाइंडर. तिथं कुठल्याशा लांबच्या युनिव्हर्सिटीसाठी एक इंग्रजी कादंबरी छापायला आली होती. आता मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात, त्या एका कागदाला म्हणायचं फर्मा. घड्या घातल्या की सोळा पानं लागोपाठ येतात, असे सगळे फर्मे एकावर एक ठेवून शिवले की झालं पुस्तक. तर मशीनवर कधी कधी कागद सरकतो. सरकला की पानांच्या तळाचे आकडे उमटतच नाहीत आणि तो फर्मा जातो रद्दीत. आबा रोज त्या रद्दीतला एक फर्मा मालकांना विचारून घरी आणायचे आणि कालच्याच्या खाली ठेवायचे. असे दहा फर्मे जमले. मग एका सुट्टीच्या दिवशी कुणाला न सांगता त्यांनी ते शिवले, मरून रंगाचा कापडी पुठ्ठा चढवला, आणि चांगुणाच्या बीएच्या निकालाच्या दिवशी तिच्या हातात ठेवलं. इंग्रजीचं एक अक्षर आबांना वाचता येत नव्हतं. पण असं पुस्तक, सांगते तुम्हाला, कॉलेजच्या लायब्ररीत पण नव्हतं! चांगुणानं ते अकरा वेळा वाचलं होतं आणि उद्या ती याच्यावरच बोलणार होती.

“एक मार्था नावाची मुलगी असते,” तिनं सुरुवात केली. “समुद्राकाठच्या गावातली. तिचा बाप मेणबत्त्या करतो. आई नाही. दोघंच.”

“आई कशानं गेली?” आत्या.

“ते नाही लिहिलेलं.”

“लिहायला पायजे होतं.”

“मार्थाला शिकायचं असतं. शहरात जाऊन. पण बाप सोडत नाही. तो म्हणतो, तू गेलीस की माझ्या घरात उजेड कुणासाठी करू? मग तो तिला शहराऐवजी तिच्या आत्याकडे पाठवतो, एक हिवाळाभर.”

“आत्या कशी असते?” हे विचारलं आईनं, आणि विचारून झाल्यावर तिलाच कळलं की विचारायला नको होतं.

चांगुणानं पुस्तकात बघितलं. “अं... कडक असते.”

घर हसण्यानं भरून गेलं. आत्याही हसली, दात नसलेल्या बाजूनं. “असणारच. पोर बिघडू नाय म्हणून असती. फुडं?”

पुढं काय, चांगुणा सुटलीच. त्या आत्याच्या घरचा गारठा, खिडकीवर जमलेलं बर्फ, रात्रभर लोकर विंचरायची मार्था, तिला चोरून अक्षरं शिकवणारी म्हातारी शेजारीण. ती उभी राहून सांगत होती, हातवारे करत होती, शेजारणीचा आवाज वेगळा, आत्याचा वेगळा. आत्याचा आवाज काढताना नकळत येवल्याचाच निघाला, तेव्हा चंद्रभागानं उशीत तोंड खुपसलं. मामाचा चहा गार झाला. मटकीची उसळ खाली लागल्याचा वास आला, तरी आईनं नुसता हात लांब करून स्टोव्ह बंद केला आणि म्हणाली, “थांबू नको, सांग.”

“मग एका पहाटे मार्था ट्रंक भरते. आईची शाल अंगावर घेते. बाप झोपलेला असतो. ती त्याच्या उशाशी एक मेणबत्ती लावून ठेवते आणि घोड्याच्या गाडीत बसते. मागं वळून बघत नाही. गाडी जाते. समुद्र दिसेनासा होतो.”

आत्याच्या हातातलं पान तसंच राहिलं.

“गेली?” तिनं विचारलं.

“गेली. आणि मग, आत्या, शेवटी ती परत येते! दार लोटते तर बाप मेणबत्तीपाशी तिची वाट बघत जागाच असतो. तो काही विचारत नाही. ताट वाढतो. दोघं जेवतात. तो म्हणतो, मीठ जरा जास्त झालंय. ती म्हणते, नाही बाबा, बरोबर आहे. संपलं.”

आत्यानं हातातलं पान मांडीवर ठेवलं. मग पदरानं नाक पुसलं.

“आली परत,” ती म्हणाली.

“हो आत्या.”

“आपल्या पायानं?”

“आपल्या पायानं.”

“शिकून?”

“शिकून.”

“मग चांगलं पुस्तक हे,” आत्या म्हणाली, आणि तिनं पानाला चुना लावायला घेतला.

विडा! मामानं आबांच्या मांडीवर थाप मारली. आईनं डोळे मिटून घेतले. चंद्रभागा उठून बसली. आत्यानं पानावर कात टाकला, सुपारी टाकली, घडी घातली, लवंग टोचली. आणि हो, आता एवढ्यावर गप्प बसली असती तर ती चांगुणा कसली! आनंदानं तिला काही सुचेना, तोंड आपोआप चालू झालं.

“आणि आत्या, उद्या मी जे बोलणार आहे ना, ते तर ऐक! लेखकानं काय कमाल केलीये! मार्था दार लोटते तिथं त्यानं वाक्य अर्ध्यातच तोडलंय. ‘मार्थानं दार लोटलं आणि’, एवढंच. पान संपतं. मग मध्ये ती ट्रंक भरून निघून जाते ते सगळं येतं, आणि तुटलेल्या वाक्याचा दुसरा तुकडा सोळा पानांनंतर! तिचं मनच तुटलंय म्हणून वाक्य तोडलंय. किती मोठं साहित्य आहे बघ! मी यावर चार पानं लिहिलीत.”

“किती पानांनंतर?” आबांनी विचारलं.

ते इतका वेळ एक शब्द बोलले नव्हते, म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं.

“सोळा, आबा.”

“मोजलीस?”

“बरोबर सोळा.”

आबांनी हात पुढं केला. “इकडं दे,” ते म्हणाले. त्यांनी पुस्तक घेतलं, वाचणाऱ्या माणसासारखं नाही, उभं धरून पाठीकडून, आणि अंगठ्यानं फर्मे चाळले. एक, दोन, तीन. आठव्याशी थांबले. मग पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

“लेखकानं नाही तोडलं पोरी. मी तोडलंय.”

“म्हणजे?”

“शेवटचे दोन फर्मे एकाच दिवशी निघाले होते. आकडे उमटलेले नाहीत. कुठला नववा, कुठला दहावा, कळायला मार्ग नाही. दोघांच्याही शेवटच्या पानावर खाली कोरं सुटलेलं. मी म्हटलं, ज्याच्या शेवटी कोरं जास्त तो शेवटचा. पुस्तक संपतं तिथं कागद मोकळा राहतो, एवढंच मला येतं.” त्यांनी घसा खाकरला. “एकाचं दोन बोटं जास्त होतं. त्याच्यावरून लावला. नववा फर्मा शेवटी बसलाय.”

चांगुणाला आधी काही समजलंच नाही, आणि मग सगळं एकदम समजलं. अकरा वेळा वाचलेलं पुस्तक! चार पानं लिहिलेली! उद्या दोन वाजता पुण्यात जाऊन ती त्या मोठमोठ्या प्रोफेसरांना सांगणार होती की मन तुटलं म्हणून वाक्य तुटलं! तिच्या कानशिलांतून वाफा निघायला लागल्या, आणि मग काय झालं कोण जाणे, तिला हसूच फुटलं. असं हसू की ती मटकन खालीच बसली. “आबा! चार पानं, आबा! मी लिहिलंय की ही या लेखकाची खास शैली आहे!”

“कुणाची?” मामा म्हणाला. “दाजींची?”

आणि मग सगळेच. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या. “सुरी आण चंद्रे. आणि माझी सुया-दोऱ्याची डबी. विमल, थोडी खळ शिजव. मैद्याची, पातळ.”

“आबा, राहू दे ना आता. मी मनातल्या मनात लावून घेईन.”

“माझ्या हातचं चुकीचं पुस्तक घेऊन तू मास्तरांसमोर उभी राहणार? तीस वर्षं बाइंडर आहे मी.”

झालं, आत्याची चंची बाजूला सरकली आणि मधोमध पुस्तक आलं. आबांनी पुठ्ठा सोडवला तेव्हा चांगुणा अडवायला पुढं सरसावली, पण त्यांच्या बोटांना माहीत होतं कुठं काय आहे. टाके कापले, दोरा ओढला, फर्मे मोकळे झाले. मामानं पांढऱ्या शर्टावर आईचा टॉवेल बांधला आणि तो स्टोव्हपाशी बसून खळ ढवळायला लागला. “गाठी होऊ देऊ नकोस,” आई म्हणाली. “तहसीलमध्ये काय ढवळतोस ते ठाऊक आहे मला.”

“आता वाच,” आबा चांगुणाला म्हणाले. “आठव्याचं शेवटचं आणि याचं पहिलं. जोडून वाच. बसतं का बघू.”

चांगुणानं दोन्ही फर्मे शेजारी शेजारी धरले आणि मराठीत करून वाचलं. “‘मार्थानं दार लोटलं आणि... बाप मेणबत्तीपाशी बसलेलाच होता.’”

“बसलं!” आबा म्हणाले. आणि आता ते हसले, पोरासारखे, सगळं तोंड उघडून. “बसलं का नाही? ऐकलंस अक्का? कट्ट करून बसलं!”

आपण शिवलेल्या पुस्तकात आत काय आहे ते त्यांना आज पहिल्यांदा ऐकू येत होतं.

पण आत्या हसत नव्हती. लावलेला विडा अजून तिच्या डाव्या मुठीत होता.

“थांबा रं,” ती म्हणाली. “म्हंजे ती आत्याच्या घरून परत येती, बापाबरोबर जेवती. आन मग?”

खळ तेवढी बुडबुडत होती.

आईनं आत्याच्या पाठीमागून चांगुणाला खूण केली, डोळे मोठे करून, मान हलवून. सांग काहीतरी. सांग की येते परत, इंग्रजी काय अक्काला वाचता येतंय? मामानंही पळी हलवून तीच खूण केली. सोपं होतं हो! एवढं सोपं, की चांगुणाच्या ओठांवर आलंही होतं. विडा तर तयारच होता. पण तिनं आबांकडे बघितलं. ते फर्मा गुडघ्यावर ठेवून घडी अंगठ्यानं दाबत होते, पुन्हा पुन्हा, अगदी सरळ बसेपर्यंत. दोन बोटं कोऱ्या कागदासाठी ज्यांनी आख्खं पुस्तक उसवलं, त्यांच्यासमोर ती काय बोलणार?

“मग ती जाते आत्या,” चांगुणा म्हणाली. “ट्रंक भरते आणि जाते. बापाच्या उशाशी मेणबत्ती लावते आणि जाते. पुस्तक तिथंच संपतं.”

“परत येती का नाय?”

“लिहिलेलं नाही.”

“फुडं काय हे मग?”

आबांनी दहावा फर्मा उलटून शेवटचं पान तिच्यासमोर धरलं. वर सातआठ ओळी, खाली नुसता पांढरा कागद.

आत्यानं त्या मोकळ्या जागेवर हात ठेवला. तिच्या बोटांना कात लागला होता, कागदावर तांबूस डाग पडला. कुणाची हिंमत झाली नाही तिला सांगायची.

“झुंबर गेला तवा मी इडा दिला नव्हता,” ती म्हणाली. “मला वाटलं, इडा नाय दिला म्हंजे जाणार नाय.” तिनं आपल्या डाव्या मुठीकडे बघितलं. “गेलाच. आन आता लिवतो पत्रात, तू रागावली हेस, कुठल्या तोंडानं येऊ.”

“अक्का...” आबा म्हणाले.

“तू तुझी शिलाई कर.” तिनं मूठ उघडली. विडा दाबला गेला होता, चुना बाहेर आला होता. तिनं तो उचलून चंचीच्या कडेला टाकला. चांगुणानं आबांचा हात धरला.

“हा खोट्या गोष्टीवर लावला होता,” आत्या म्हणाली. “हा नाय चालायचा. दुसरा लावती.”

आणि लावला हो! नवं पान, मोठं, देठ खुडून. चुना बेतानं. कात, सुपारी, लवंग. आजवर विडा जायचा तो थोरांच्या हातात, मामा तर हात पुसून तयारच होता. पण आत्यानं तो सरळ चांगुणाच्या हातावर ठेवला आणि चंचीची दोरी गरगर गुंडाळली.

“जा. पण आपल्या पायानं गेलीस तशी आपल्या पायानं येत जा. मला बोलवाय लावू नको.”

“दिवाळीला येईन आत्या. आधी येवल्याला, मग घरी.”

“आधी येवल्याला कशाला?” आई म्हणाली.

“विमल, चंची गुंडाळली हे मी,” आत्या म्हणाली.

चांगुणानं विडा तोंडात टाकला. जन्मातला पहिला. चुन्यानं जीभ चुरचुरली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेचना. चंद्रभागा ओरडली, “ताई रंगली, ताई रंगली!” आणि शंकरपाळ्यांचा डबा शेवटी उघडलाच गेला.

चार वाजेपर्यंत पुस्तक शिवून झालं. आबांनी त्यावर पाटा ठेवला, वर वरवंटा, दाब बसायला. चांगुणानं आपली चार पानं फाडली आणि नवा कागद घेतला.

“आता काय बोलशील गं उद्या?” आबांनी हळूच विचारलं.

“हेच. सगळं. की मी एक पुस्तक अकरा वेळा चुकीचं वाचलं आणि बाराव्यांदा माझ्या आबांनी ते सरळ केलं.”

“माझी चूक पुण्यात सांगणार होय?”

“सांगणार.”

आबांनी वरवंटा जरा सरकवून सरळ केला. “मग हेही सांग,” ते म्हणाले, “की शिलाई पहिल्यापेक्षा चांगली झालीये.”

संध्याकाळी उन्हं कलल्यावर सगळे पुन्हा बसले, कारण मामानं हुकूम काढला की रंगीत तालीम झाल्याशिवाय तो घोटीची गाडी पकडणार नाही. चांगुणा कॉटशी उभी राहिली, लाल तोंडानं, आणि बोलायला लागली, इंग्रजीत, धडाधड. मामा घड्याळ धरून बसला आणि जमेल तिथं मान डोलवत राहिला. आईला ‘मार्था’ एवढंच कळत होतं, ते आलं की ती चंद्रभागाला कोपरानं ढोसायची. आबा हात मांडीवर ठेवून ऐकत होते. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, सगळ्यांना वाटलं झोपली.

मध्येच तिनं डोळे न उघडता विचारलं, “गेली का गं ती?”

“अजून नाही आत्या. आत्ता बापाबरोबर जेवतेय.”

“मग सावकाश सांग,” आत्या म्हणाली. “जेवू दे तिला पोटभर.”